वस्तऱ्यावर सॅटिन फिनिश: शेवटचा पेपर कोणता, त्याच्या आधीचा प्रश्न

तुमचा प्रश्न सॅटिन फिनिशबद्दल, म्हणजे आरशासारखी चमक न आणता बारीक समांतर रेघांची रेशमी झाक ठेवण्याबद्दल. थोडक्यात तो असा. वस्तरा जुना, कार्बन पोलादाचा, पातं मध्यम पोकळ घाटाचं, म्हणजे पाठ आणि धार यांच्यामधल्या बाजू मध्यम खोलगट. २२० नंबरपासून सुरुवात करून ६०० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत (ओला करून वापरायचा सँडपेपर, नंबर मोठा तितका कण बारीक) तुम्ही बोटाच्या दाबानं घासत आलात. हातभर अंतरावरून पातं झकास दिसतं, पण टेबललॅम्पखाली धरलं की ढगाळ छटा दिसतात, पाठीलगत तीन-चार खोल रेघा उठतात आणि शेपटाच्या (पात्याच्या मुठीकडे जाणाऱ्या निमुळत्या भागाच्या) खांद्यापाशी, म्हणजे पातं जिथं सुरू होतं तिथं, गळासारखी वळणं दिसतात. तर आता शेवटचा हात ८०० चा द्यावा की १००० चा?

सध्या कुठलाच देऊ नका. ८०० नं ते ढग जाणार नाहीत, उलट जास्त चकाकतील. तुमची अडचण शेवटच्या नंबराची नाही. रेघा एका दिशेच्या आणि एका खोलीच्या झालेल्या नाहीत, ही आहे. आणि त्या तशा का झाल्या नाहीत याचं उत्तर बहुतेक तुमच्या बोटात आहे.

सॅटिन म्हणजे पॉलिशच्या वाटेवरचा अर्धा मुक्काम, असं बरेच जण धरून चालतात. मीही सुरुवातीची बरीच पाती याच समजुतीत बिघडवली. पण आरशासारख्या पॉलिशमध्ये प्रत्येक पेपर आधीच्याच्या चुका पुसत जातो, आणि शेवटी पुसणाऱ्याच्याही खुणा राहत नाहीत. सॅटिनमध्ये शेवटच्या पेपरनं काढलेली प्रत्येक रेघ पात्यावर कायम राहणार असते. तिथं ओरखडे घालवायचे नसतात, सगळे एकसारखे करायचे असतात. समांतर बारीक रेघांवर उजेड पडला की रेघांना आडवा असा उजेडाचा एक पट्टा दिसतो आणि पातं हलवलं की तो अखंड सरकतो. काही रेघा पाच-दहा अंशांनी जरी तिरक्या गेल्या तरी तेवढ्या जागेतला उजेड वेगळ्या क्षणी चमकतो. तोच तुमचा ढग. म्हणून मला विचाराल तर आरसा कष्टाचा आहे, सॅटिन अवघड आहे.

आता काही गोष्टी तुमच्या वस्तऱ्यावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पात्यावर सोनेरी मुलाम्याची नक्षी किंवा अक्षरं असतील तर त्यांवर कोणताच पेपर लावू नका. तो थर इतका पातळ असतो की ६०० नंबरचे चार हातही त्याला पुरतात. आम्लानं कोरलेलं नाव थोडं जास्त तग धरतं, पण तेही उथळच असतं. शेपटावरचा ठशाचा शिक्का मात्र खोल असतो, त्याची काळजी कमी. मूळ कारखान्याचं फिनिश जागोजागी शाबूत असेल तर घासण्याआधी एकदा साध्या मेटल पॉलिशनं पुसून पाहा. काळपटपणा गेल्यावर आतून नीटस फिनिश निघालं तर माझ्या लेखी काम तिथंच संपलं. एकदा काढलेलं मूळ फिनिश परत आणता येत नाही. तुमचं पातं २२० नं घासून झालेलं आहे, तेव्हा हा उपदेश तुम्हाला उशिराच मिळतोय. पण दुसरा वस्तरा हातात येईलच.

पातं किती पोकळ आहे, हाही मोठा फरक. पाचरीसारखं भरीव पातं दाब सोसतं. पूर्ण पोकळ पातं धारेजवळ कागदासारखं असतं, नखानं दाबलं तरी धार वाकताना दिसते. तुमचं मध्यम पोकळ आहे, म्हणजे जरा मोकळीक आहे, पण बेफिकिरी नको.

हातांच्या सुरक्षिततेचं आधी सांगतो. सॅटिन आधी, धार नंतर, हा क्रम कधी उलटा करू नका. मी पातं मुठीतून सोडवूनच काम करतो. रिव्हेट काढायचं धाडस नसेल तर मुठीला पूर्ण टेप गुंडाळा आणि शेपटाजवळचं काम थोडं कमी देखणं होईल हे मान्य करा. धार मोडून ठेवणं उत्तम: धार लावायच्या दगडाच्या कोपऱ्यावरून पात्याची धार अगदी हलकेच, वजन न देता एक-दोनदा ओढली की ती कापेनाशी होते. पुढं धार नव्यानं बसवावी लागते, पण जुन्या वस्तऱ्याला तशीही ती बसवावीच लागते. पूर्ण पोकळ पात्यावर मी हे करत नाही, त्याच्या धारेला मास्किंग टेप लावतो. माझ्या डाव्या अंगठ्यावर एक पांढरी रेघ आहे. चिंधीनं पातं पुसताना धारेच्या दिशेनं समोरून हात नेला, तेवढंच. पुसायचं ते पाठीकडून धारेकडे, चामोट्यावर (धार परजायच्या चामड्याच्या पट्ट्यावर) परजताना पातं जसं पाठ पुढं ठेवून सरकतं त्याच न्यायानं.

पातं हवेत धरून घासू नका. सपाट लाकडावर ठेवलं तर ते पाठीवर आणि धारेवर टेकतं. मधला पोकळ भाग अधांतरी राहतो. वरून दाब दिला की नेमका तोच भाग लवतो, पेपर तिथं कमी घासतो आणि कडांना जास्त. तुमच्या ढगाळपणाचं हे एक कारण असू शकतं. मी लाकडाच्या पट्टीवर जाड चामड्याचा तुकडा चिकटवून त्यावर पातं ठेवतो, म्हणजे पोकळीखाली थोडा आधार भरला जातो. धार लाकडाच्या कडेला अगदी जुळवून ठेवायची. ती बाहेर लोंबली तर पेपर तिच्यात अडकतो आणि पातळ धारेचा टवका उडतो.

आता बोट. बोटाचं टोक मऊ आणि गोल असतं, त्याचा दाब मध्यावर जास्त आणि कडांना कमी पडतो. शिवाय मनगट एका जागी टेकलेलं असेल तर बोट सरळ जात नाही, कमानीत जातं. या दोन गोष्टींतून तिरक्या रेघा आणि असमान खोली दोन्ही जन्माला येतात. पेपरच्या मागे कडक आणि योग्य घाटाचा आधार हवा. पोकळ भागासाठी गोल लाकडी दांडी, तिच्यावर चामड्याचा पातळ थर. पाठीच्या सपाट बाजूंसाठी लाकडाचा चौकोनी ठोकळा. धारेलगतच्या पट्ट्यासाठी बाटलीचं बूच किंवा कडक खोडरबर.

दांडी किती जाड, हा प्रश्न मोजमापानं सोडवायच्या भानगडीत मी पडत नाही. पात्याच्या पोकळीवर काळ्या मार्करनं शाई फासायची. दांडीला ६०० चा पेपर गुंडाळून दोन हलके हात द्यायचे आणि बघायचं. शाई फक्त मध्यावरून गेली तर दांडी फार बारीक आहे. फक्त दोन कडांवरून गेली तर फार जाड आहे. पट्टा रुंद आणि साधारण सारखा पुसला गेला तर ती तुमची दांडी. पोकळी आणि पाठ जिथं मिळतात तिथं एक कंगोरा असतो. खोल रेघा तिथंच लपतात, कारण दांडी तिथवर पोचत नाही आणि ठोकळा त्याला ओलांडून जातो. तुमच्या पाठीलगतच्या रेघा २२० च्याच असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. तिथं बुचाचा कोपरा चाकूनं तासून वापरा.

नंबरांबद्दल एक घोटाळा आधीच दूर करू. पेपरच्या पाठीवर नंबराआधी 'पी' छापलाय का ते बघा. 'पी' असलेली मोजणी युरोपीय, नसलेली बहुधा अमेरिकी, आणि दोन्ही बारीक नंबरांत एकमेकींशी जुळत नाहीत. पी ६०० चा कण सुमारे २६ मायक्रॉनचा. अमेरिकी ६०० चा १६ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तो जवळजवळ पी १२०० च्या बरोबरीचा. घरातल्या डब्यात दोन्ही जातीचे पेपर मिसळलेले असतील तर तुम्ही ४०० वरून ६०० वर गेलात असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ३५ मायक्रॉनच्या पी ४०० वरून थेट १६ वर उडी मारलेली असते. मधल्या रेघा मग कितीही घासल्या तरी निघत नाहीत. यापुढचे माझे सगळे नंबर 'पी' वाले समजा.

तुमच्या पात्यावर मी ३२० पर्यंत मागं जाईन. ४०० नं काम होईलसं वाटतं, पण खोल रेघ बारीक पेपरनं काढायला गेलं की आपण तेवढ्याच जागी कोरत बसतो आणि पात्यावर उथळ लाट तयार होते. दोन पायऱ्या मागं जाणं नेहमी स्वस्त पडतं. माझा निम्म्याहून जास्त वेळ पहिल्याच पेपरवर जातो, आणि घाई करावीशी वाटते तीही तिथंच.

प्रत्येक पेपरला दिशा बदला. ३२० पाठीकडून धारेकडे आडवा चालवला असेल तर ४०० लांबीच्या दिशेनं, ६०० पुन्हा आडवा. मग आधीच्या पेपरची एकही रेघ उरली असेल तर ती काटकोनात उठून दिसते. हे बघायला खोलीतला वरचा दिवा उपयोगाचा नाही. एकच दिवा, बाजूनं, पात्याच्या पातळीच्या जरा वर. खिडकीतला मंद उजेड तर सगळ्या चुका माफ करतो, त्याच्यावर विसंबू नका. पेपर बदलताना पातं, हात, ठोकळा, सगळं धुवायचं आणि टेबलावरचा कागदही बदलायचा. ३२० चा एक सुटा कण ६०० च्या पेपरखाली आला की सगळं मुसळ केरात. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, त्यानं चुरा वाहून जातो.

इथवरचं थोडक्यात: धार मोडलेली, पात्याखाली आधार, पेपरमागं घाटाचा ठोकळा, ३२०-४००-६००-८०० असा आडवा-उभा क्रम, आणि बाजूचा दिवा. हो, ८०० सुद्धा. तुम्ही विचारलेला नंबर आला, पण शेवटचा म्हणून नाही.

मी ८०० पर्यंत जातो आणि मग शेवटच्या रेघांसाठी ६०० किंवा ४०० वर परत येतो. ऐकायला उलटं वाटतं. पण ८०० नं सगळा पृष्ठभाग एकसारखा झालेला असतो, त्यावर थोड्या जाड कणानं मोजक्या ताज्या रेघा ओढल्या की त्या स्वच्छ उमटतात. ६०० वरच थांबून ६०० च्याच रेघा सरळ करत बसलं तर जुन्या आणि नव्या रेघा एकाच खोलीच्या असतात, आणि कुठली वाकडी रेघ कुठल्या हाताची हे कळेनासं होतं. ४०० ची सॅटिन जरा रांगडी दिसते, रेघा डोळ्यांना सुट्या कळतात. ६०० ची रेशमी. वस्तऱ्यावर मला ६०० आवडते. याहून बारीक गेलात तर सॅटिन आणि अपुरं पॉलिश यांतला फरक बघणाऱ्याला कळत नाही.

शेवटच्या रेघांची दिशा कोणती? जुन्या वस्तऱ्यांवर चाकाच्या खुणा पाठीकडून धारेकडे जातात, कारण पोकळी ज्या चाकानं काढली त्याचा परीघ त्याच दिशेनं फिरत होता. मूळ वळणाला धरून राहायचं असेल तर ती दिशा योग्य. पण हातानं अवघ्या पंधरा-सतरा मिलिमीटरच्या शेकडो आखूड रेघा समांतर ठेवणं पहिल्यांदा करणाऱ्याला जमत नाही, मलाही अजून दर वेळी जमत नाही. तुम्ही लांबीच्या दिशेनं करा. खांद्यापासून सुरू, टोकाकडून बाहेर. एका पात्यावर लांब रेघा कमी लागतात आणि चुकायच्या जागाही कमी.

खांद्यापाशी दिसणारी ती वळणं मागं-पुढं घासण्यातून येतात. पेपर जिथं थांबून उलटा फिरतो तिथं रेघेला गळासारखा आकडा पडतो. शेवटच्या फेरीत मागं येणं नाहीच. पेपरची ताजी पट्टी ठोकळ्यावर ताणून धरा, खांद्याला टेकवा, क्षणभर स्थिर दाबा आणि एका दमात टोकाबाहेर ओढा. उचला. चिंधीनं पुसा. पुन्हा खांद्याला टेकवा. मनगट वळवू नका, कोपर आणि स्वतःचा खांदा हलू द्या. मी पातं शिकंज्यात धरून उभा राहतो आणि अख्खं शरीर मागं नेतो. बघणाऱ्याला मजेशीर वाटतं, रेघ मात्र सरळ येते. पट्टीचा एक भाग तीन-चार ओढींपलीकडे वापरायचा नाही, कारण कण बोथट झाले की तीच पट्टी रेघ काढण्याऐवजी चमक आणू लागते, आणि पुन्हा ढग. पेपरची कंजूषी इथं करायची नाही. पाण्याऐवजी या फेरीला मी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घेतो. दाब हलका. पाठीची बाजू आधी, मग पोकळी, शेवटी धारेलगतचा पट्टा.

एवढं करूनही थोडी वाकडी रेघ राहिली तर करड्या रंगाचा स्कॉच-ब्राइट पॅड ठोकळ्याला गुंडाळून त्याच दिशेनं चार-पाच ओढी द्या. तो सगळं एकमेकांत मिसळून टाकतो. बदल्यात पाठीचे कंगोरे किंचित मऊ होतात. कडक कंगोरा हीच चांगल्या कामाची ओळख असं मी मानतो, म्हणून हा पॅड मी जपून वापरतो. पण पहिलं पातं असेल तर वापरायला लाजू नका.

मशीनचा मोह होईल. बफच्या (कापडी) चाकावर ग्रीसलेस कंपाउंड, म्हणजे तेल-चरबी नसलेलं घासायचं मिश्रण, लावून सुरेख सॅटिन येते, हे खरं, आणि वस्तरे दुरुस्त करणारे बरेच जण तेच वापरतात. पण चाकाच्या कडेनं पातं पकडलं की ते हातातून हिसकावून भिरकावतं, आणि हे पातं वस्तऱ्याचं असतं. दुसरा धोका उष्णतेचा. धारेजवळचं पातळ पोलाद डोळ्याची पापणी लवायच्या आत तापतं. पिवळसर छटा आली तेव्हाच ते दोनशे अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेलेलं असतं, आणि निळी छटा म्हणजे तीनशेच्या आसपास. तिथं पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. छटा घासून काढता येते, उतरलेलं पाणी परत चढत नाही, आणि ती धार टिकत नाही. हातमोजे न घालता, पातं बोटांना कोमट लागताच पाण्यात बुडवत काम करणाऱ्यालाच ते शोभतं. हातात धरायच्या छोट्या ग्राइंडरचं तर नावच नको. त्याचं चिमुकलं चाक पात्यावर खळगे पाडतं आणि सॅटिनच्या उजेडात प्रत्येक खळगा मोजता येतो.

गंजाच्या खड्ड्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण जुन्या पात्यावर ते असतातच. पाठीवर किंवा पोकळीत काळे बारीक ठिपके राहिले तर राहू द्या. सगळे काढायच्या हट्टात पोकळी पातळ होते. धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आतला खोल खड्डा मात्र वेगळा. पातं धार लावता लावता झिजत जातं आणि एक दिवस तो खड्डा धारेवर येतो, मग तिथं टवका. असं पातं सॅटिन करून कपाटात ठेवा, गालाला लावू नका.

वस्तऱ्याची पाठ ही नुसती शोभेची नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं. दगडावर धार लावताना पातं पाठ आणि धार अशा दोन्हींवर टेकतं, म्हणजे धारेचा कोन पाठीची जाडी ठरवते. पाठ ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर १७ मिलिमीटर असेल तर कोन १७ अंशांच्या जवळ येतो. पाठीतून ०.२ मिलिमीटर गेले तर तो जवळजवळ ०.७ अंशानं कमी होतो. ६०० च्या पेपरनं एवढं जात नाही, ३२० वर चिडून घासलं तर जाऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी जाणं, कारण मग दगडावर पातं पूर्ण टेकतच नाही. म्हणून पाठीवर दोन्ही बाजूंना मोजून सारख्या ओढी, आणि दगडाला टेकणाऱ्या चिंचोळ्या सपाट पट्ट्यावर खरखरीत पेपर अजिबात नाही. धार लावताना फिनिश जपायला पाठीला इलेक्ट्रिकलची टेप लावतात. त्यानं कोन किंचित वाढतो, म्हणून एकदा टेपनं सुरू केलं तर पुढंही टेपनंच लावत राहा. चामोट्यावर परजून पाठीला चकाकती पट्टी पडेलच. ती वापराची खूण आहे, काढत बसू नका.

काम झालं की पातं साबणानं धुवा, लगेच कोरडं करा आणि मिनिटभरही उघडं न ठेवता तेलाचा हात फिरवा. सॅटिनच्या प्रत्येक रेघेत पाणी अडकतं. नुकतंच घासलेलं कार्बन पोलाद ओलं राहिलं तर चहा होईस्तोवर त्यावर तांबूस छटा येते. रिव्हेटच्या भोकात कापसाची बारीक वात घालून तिथलं पाणीही टिपा. आणि मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल, तिला कापरासारखा उग्र वास येत असेल किंवा ती चिरफळत असेल, तर पातं तिच्यात परत बसवू नका. सडणाऱ्या सेल्युलॉइडमधून आम्लाची वाफ सुटते. पातं मिटून ठेवलं की ती वाफ थेट पोकळीवर बसते आणि सगळी सॅटिन काही महिन्यांत ठिपक्यांनी भरते.

तेव्हा ८०० चा पेपर घ्याच, पण त्याच्यासोबत ३२० चेही चार ताव घ्या, आणि आज संध्याकाळी फक्त मार्करची शाई फासून दांडी ठरवा. घासायला उद्या बसा.